जटेखालचे डोके

कडेगाव तालुक्यात, तिथून विट्याकडे, आटपाडीकडे किंवा पार जतपर्यंत, एखाद्या बाईच्या मानेवरच्या केसांत गुंता झाला आणि तो फणीला दाद देईना, की आजूबाजूच्या बायका जे बोलतात ते जवळजवळ ठरलेले असते. जट आली. यल्लमाची आहे. आता फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. यातल्या पहिल्या दोन वाक्यांत एक समजूत आहे आणि तिसऱ्यात हुकूम आहे. जटेविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक पहिल्या दोन वाक्यांभोवती फिरते: देवी खरी की खोटी, श्रद्धा की अंधश्रद्धा. मला तिसऱ्या वाक्याविषयी लिहायचे आहे. जट ठेवायची की काढायची, हे ज्या बाईच्या डोक्यावर ती आहे तिने ठरवावे. पण तिचे डोके धुण्यावर घातलेली बंदी कुठल्याही श्रद्धेचा भाग म्हणून सोडून देता येणार नाही. जटेपायी बाई जे शारीरिक हाल सोसते त्यातले बहुतेक या बंदीतून येतात. शिवाय जट वाढते तीही याच बंदीमुळे, आणि ती वाढली की त्या वाढीकडे बोट दाखवून देवीचा पुरावा दिला जातो. हे चक्र तोडायचे तर कात्रीच्या आधी पाण्याविषयी बोलले पाहिजे.

जट तयार होते कशी, इथूनच सुरुवात करावी. केसाच्या बाहेरच्या आवरणावर माशाच्या अंगावर असतात तशी सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. केस नीट असतो तेव्हा ती चपटी बसलेली असतात. केस कोरडा पडला, कडक सोड्याच्या साबणाने खरबरीत झाला, किंवा भिजलेल्या अवस्थेत उशीवर घासला गेला की खवले उचलली जातात आणि एक केस दुसऱ्यात अडकतो. धनगर लोकर भिजवून, दाबून, मळून जेन करतात, ती ना विणलेली असते ना शिवलेली. खवल्यांत खवले अडकूनच तिचे कापड बनते. डोक्यावर हेच घडते, फक्त नकळत. बाळंतपण, टायफॉइडसारखा लांबलेला ताप, मोठे दुःख, मनाचा आजार, अशा कुठल्याही कारणाने बाई काही आठवडे पडून राहिली आणि केसांत फणी फिरली नाही, तर डोक्याच्या मागच्या भागात, जिथे उशी घासते, तिथे पहिला गुंता बसतो. त्यात उवा असल्या तर खाजवून जखमा होतात आणि जखमेतून येणारी लस सुकून केस आणखी चिकटतात. वरून तेल, हळद, कुंकू, भंडारा आणि धूळ. आठ-पंधरा दिवसांत जो गुंता थोड्या तेलाने आणि बोटांनी सुटला असता, तो दोन महिन्यांत सुटण्यापलीकडे जातो. वैद्यकशास्त्राला ही अवस्था चांगली ठाऊक आहे आणि तिला नावही आहे. त्यात गूढ काही उरलेले नाही.

तरीही जट वाढत जाते हे लोकांना चमत्कारासारखे वाटते, आणि ते वाटणे समजण्यासारखे आहे. ज्या बाईचे केस कधी खांद्याखाली गेले नाहीत तिची जट पाच-सात वर्षांत कमरेखाली येते, मनगटाएवढी जाड होते. याचा हिशेब साधा आहे. निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळतात. आपण विंचरतो तेव्हा ते फणीत येतात, म्हणून आपल्याला त्यांची कधी मोजदाद करावी लागत नाही. जट असलेल्या बाईचे गळलेले केस जटेतच राहतात. रोजचे ५० धरले तरी वर्षाला १८ हजारांवर केस होतात आणि १०० धरले तर ३६ हजारांवर. लांबीचेही तसेच. प्रत्येक केसाचे वाढीचे वय असते, साधारण दोन ते सहा वर्षे. त्यानंतर तो गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. मोकळ्या केसांची लांबी त्यामुळे एका मर्यादेवर थांबते. जटेत मात्र गळलेला केस सुटून पडत नाही, नव्या केसाला तो बांधलेलाच राहतो, नवा केस त्याला पुढे ढकलत जातो. म्हणून जटेला ही मर्यादा नाही. मेलेले केस जिथल्या तिथे साठत गेल्याने जट लांबते, आणि फणी बंद केली की ते कुणाच्याही डोक्यावर साठतील, मग त्या घरात यल्लमाचे नाव घेतले जात असो वा नसो.

आता जटेखाली काय चालते ते पाहू, कारण लोकांच्या नजरा जटेवर असतात आणि दुखणे तिच्या खाली असते. डोक्याची कातडी शरीरातल्या सर्वांत तेलकट कातड्यांपैकी एक. तिचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो आणि जुन्या पेशी झडतात. त्या झडलेल्या पेशी, घाम आणि तेल यांवर मालासेझिया नावाची बुरशी जगते. ती तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या डोक्यावर असते आणि एरवी उपद्रव देत नाही. तेल आणि मळ साचून राहिला की ती बोकाळते, तेलातल्या चरबीचे विघटन करून कातडीला दाह होईल असे आम्ल सोडते, आणि खाज सुटते, खपल्या धरतात, लालसर चट्टे उठतात. मोकळ्या केसांत ही गोष्ट दोन-चार धुण्यांत आटोक्यात येते. जटेखाली हवा लागत नाही, घाम वाळत नाही, बोट पोचत नाही. खाजवायला बाई सुई, काडी, केसातला आकडा आत घालते, त्याने जखम होते, जखमेत जंतू शिरतात, पू होतो. मानेच्या मागे गाठी येतात. उवा तर असतातच. उघड्या, ओल्या जखमेवर माशी बसली तर आळ्या पडू शकतात. वैद्यकीय साहित्यात अशा नोंदी आहेत. त्यात जटेचे वजन. किलोभराची आणि त्याहून जड जट घेऊन बायका वर्षानुवर्षे वावरतात. मान धरते, डोके ठणकते, केसांच्या मुळांवर सतत ओढ बसून कपाळाच्या आणि कानामागच्या बाजूने केस कायमचे जातात, उताणे झोपता येत नाही. आणि वास. त्या वासामुळे लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसत नाही, एसटीत लोक सरकून बसतात, नातवंडे जवळ येत नाहीत. देवीचे रूप म्हणून जिच्या पाया पडायचे तिलाच असे लांब ठेवायचे, ही स्थिती बाई निमूट सोसते, कारण तक्रार केली तर ती देवीविरुद्ध होईल असे तिला सांगितलेले असते.

या भागात ही समजूत एवढी का रुजली याचा विचार करताना सौंदत्तीचे डोंगर जवळ आहेत एवढे सांगून भागत नाही. यल्लमाचा प्रभाव आहेच. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीला मार्गशीर्षात सांगली-कोल्हापूरकडून गाड्या भरून लोक जातात आणि जतलाही तिची मोठी यात्रा भरते. पण कडेगाव हा मुळात अवर्षणग्रस्त पट्टा. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत नेणारी योजना मंजूर झाली ती १९९६ साली, आणि प्रत्यक्ष पाणी शिवारात यायला पुढे बरीच वर्षे गेली. ताकारीच्या पाण्याने आणि त्यामागून आलेल्या उसाने तालुक्याचा चेहरा आता बदलला आहे. त्याआधीच्या पिढ्यांत पाणी डोक्यावरून आणायचे होते आणि आणणाऱ्या बायकाच होत्या. लांब केस नीट धुवायचे तर दोन बादल्या सहज लागतात. हंडाभर पाण्यात आधी पिणे, मग स्वयंपाक, मग जनावरे, मग पुरुषांच्या अंघोळी. बाईच्या न्हाण्याचा नंबर शेवटचा. जटेचे मूळ फक्त पाणीटंचाईत आहे असे मी म्हणत नाही; पाण्याने समृद्ध गावांतही जटा आहेत. पण ज्या घरात बाईच्या न्हाण्यासाठी पाणी, वेळ आणि आडोसा या तिन्ही गोष्टी शेवटी उरतात, तिथे गुंता आधी होतो आणि देवीचे नाव मागाहून येते. त्या नावाने टंचाईला प्रतिष्ठा मिळते, आणि टंचाई संपल्यावरही बंदी तशीच राहते.

बंदी धर्मातून आली असे म्हणणाऱ्याने यल्लमाचेच माहात्म्य नीट आठवावे. यल्लमा म्हणजेच रेणुका रोज पहाटे नदीवर स्नान करून पाणी आणत असे, इथून तिची कथा सुरू होते. सौंदत्तीला जोगळभावी नावाचे कुंड आहे. देवळात जाण्याआधी यात्रेकरू तिथे स्नान करतात, आणि त्या पाण्याने त्वचेचे रोग बरे होतात अशी श्रद्धा आहे, कारण शापाने रोग जडलेल्या रेणुकेची काया तिथल्या स्नानाने बरी झाली अशी कथा सांगतात. ही कथा इतिहास म्हणून घ्यावी असे मला म्हणायचे नाही. पण जिच्या कथेत पाण्याने कातडी बरी होते, तिच्याच नावाने बाईच्या डोक्याला पाणी वर्ज्य करणे त्या श्रद्धेच्याही विरुद्ध जाते. आपल्या घराघरांत डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावत नाहीत. दिवाळीची पहाटच अभ्यंगस्नानाने उजाडते. न धुतलेले डोके देवाला प्रिय आहे असे सांगणारी परंपरा या सगळ्यात कुठे बसते, हे देवऋषींना विचारायला हरकत नाही.

हे सगळे आपल्याच मातीतले आहे, म्हणून ते सुटणार नाही, असे निराश होऊन म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी पोलंडचे उदाहरण मोलाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशाचे हजारो निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, तोच हा पोलंड. तिथे जट इतकी सर्रास होती की युरोपातल्या वैद्यांनी तिला पोलंडचेच नाव देऊन टाकले होते. तिथल्या शेतकऱ्यांची समजूत अशी, की शरीरातला रोग केसांवाटे बाहेर येतो आणि जट होते. ती कापली तर रोग आत उलटतो, माणूस आंधळा होतो, वेडा होतो, मरतो. म्हणून फणी नाही, कात्री नाही, वर लोकरीची टोपी. देवीऐवजी रोग, एवढाच फरक. शिकलेले लोकही यातून सुटले नव्हते. बरेच वैद्य तिला स्वतंत्र रोग मानत आणि तिच्यावर ग्रंथ लिहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्राकोचे डॉक्टर युझेफ दिएत्ल यांनी जटेच्या रुग्णांचा अभ्यास करून ठामपणे मांडले की हा रोगच नाही, ही अस्वच्छता आणि चुकीची समजूत आहे, आणि उपाय कात्री व पाणी हाच आहे. दिएत्ल पुढे त्या शहराचे महापौर झाले. शाळा आल्या, दवाखाने आले, आणि जी जट तीन शतके टिकली ती पुढच्या दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ दिसेनाशी झाली. ज्यांच्या जटा कापल्या ते आंधळे झाले नाहीत.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप तरुण वाचकांकडून येतो आणि तो योग्य आहे. पुण्या-मुंबईत मुले-मुली हौसेने पैसे मोजून ड्रेडलॉक्स करून घेतात. जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे लोक ते धर्म म्हणून ठेवत आले आहेत. सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरला आलेल्या साधूंच्या जटांना आपण नमस्कार करतो. मग गरीब बाईच्याच जटेचा एवढा बाऊ का? याचे उत्तर केसांत सापडत नाही, केसांखाली सापडते. नीट राखलेल्या ड्रेडलॉक्समध्ये केसांच्या वेगवेगळ्या लडी असतात, लडींच्या मधली कातडी उघडी असते आणि ती धुतली जाते. ज्यांना ते व्यवस्थित ठेवायचे आहेत ते आठवड्याला किंवा पंधरवड्याला डोके धुतात, तासन्‌तास वाळवतात, खाज किंवा खपली दिसली की डॉक्टरकडे जातात, आणि कंटाळा आला की काढून टाकतात. साधू नदीत डुबकी मारतो आणि त्याच्या जटेने त्याचा मान वाढतो. कडेगावच्या बाईला यातले काहीही करण्याची मोकळीक नाही. म्हणून जट ही वस्तू वाईट की चांगली हा वाद मला फारसा उपयोगी वाटत नाही. दोन प्रश्न विचारले की पुरे: हिला डोके धुता येते का, आणि हिला वाटले तर उद्या ती काढता येते का? दोन्हीची उत्तरे हो असतील तर ती तिची आवड किंवा तिची श्रद्धा. एकाचेही उत्तर नाही असेल तर ती सक्ती आहे, मग वर कितीही भंडारा उधळलेला असो.

म्हणूनच, जी बाई आज जट काढायला तयार नाही, तिला हाकलून न देता तिचे डोके कसे धुवायचे ते सांगणे हे मी पहिले काम मानतो. यासाठी महागडे काही लागत नाही. पाण्याच्या जुन्या बाटलीच्या झाकणाला भोके पाडावीत, तीत थोडा शाम्पू भरपूर पाण्यात पातळ करून घ्यावा आणि जटेवर न ओतता कातडीवर, जटेच्या मुळाशी, केसांच्या फटींतून सोडावा. बोटांच्या पेरांनी चोळावे, नखांनी नाही. धुवायला लागले त्याच्या दुप्पट वेळ नुसत्या पाण्याने खळबळून काढावे, कारण आत राहिलेला साबण नवी खाज आणतो. रिठा वापरायचा तर उकळून, फडक्याने गाळून त्याचे पाणीच घ्यावे. रिठ्याची किंवा शिकेकाईची पूड जटेत अडकते आणि निघत नाही. घट्ट तेल थापू नये, त्यावर धूळ बसते. हळद-कुंकू वाहायचेच असेल तर ते कपाळाला किंवा परडीतल्या देवीला वाहावे, कातडीवर नको. वाळवणे हा यातला सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मोकळे केस तासाभरात वाळतात, जट आतून वाळायला पुरा दिवस लागतो, आणि ओली राहिलेली जट आतून कुबट होऊन बुरशी धरते. म्हणून न्हाणे सकाळीच, उन्हाच्या दिवशी. सुती लुगड्याच्या फडक्यात दाबून पाणी टिपायचे आणि जट सोडून उन्हात बसायचे. ओल्या जटेचा अंबाडा घालायचा नाही, तिच्यासकट झोपायचे नाही. पिवळ्या तेलकट खपल्या असतील तर किटोकोनॅझोलचा शाम्पू तीन ते पाच मिनिटे ठेवून धुतल्याने फरक पडतो. तो आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. पू, ताप, मानेतली गाठ किंवा लहान मुलाच्या डोक्यावर केस गळून झालेला खपलीचा चट्टा, यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. मुलांच्या डोक्यावरच्या नायट्याला पोटात घ्यायचे औषध लागते, वरच्या मलमाने तो जात नाही. तालुक्यात नाही जमले तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा विभाग आहे.

याला एक शास्त्रीय आक्षेप आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फणी न फिरवता केस धुतले तर गुंता आणखी घट्ट बसतो, जेन पाण्यानेच तर बनते. हे खरे आहे. धुतल्याने जट सुटणार नाही, उलट आवळेल. पण इथे हेतू कातडी निरोगी ठेवण्याचा आहे, जट सोडवण्याचा नाही. आणि आवळलेली पण स्वच्छ जट ही मळलेल्या जटेपेक्षा कमी हानीची. उवांच्या बाबतीत मात्र ही तडजोड अपुरी पडते. परमेथ्रिनचे एक टक्क्याचे लोशन मोकळ्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुतले आणि आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा लावले की उवा जातात, कारण लिखा फुटायला सुमारे तेवढेच दिवस लागतात आणि दरम्यान बारीक दातांची फणी फिरवता येते. जटेत औषध आतवर पोचत नाही आणि फणीचा प्रश्नच नसतो. रॉकेल ओतण्याची जुनी रीत तर धोक्याची आहे: कातडी भाजते, आणि चुलीजवळ केस पेटू शकतात. तेव्हा ज्या जटेत उवा आणि जखमा दोन्ही आहेत तिथे मी बाईला स्पष्ट सांगेन की धुण्याने वेळ मिळेल, सुटका कापण्यानेच होईल. कापतानाही घाई नको. वजनाने कातडी वर ओढली गेलेली असते, म्हणून मुळाशी कात्री लावली तर कातडीच कापली जाते. थोडे केस राखून, बोट मध्ये धरून, तुकड्या-तुकड्याने कापत जायचे, मग डोके धुऊन जखमांवर औषध. केस पुन्हा येतात.

कापल्यावर काय होईल ही भीती या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तिची चेष्टा करणाऱ्याला या कामात जागा नाही. बाई स्वतःसाठी घाबरत नाही. नवऱ्याला काही होईल, पोराला साप चावेल, सुनेचे मूल दगावेल, म्हणून घाबरते. तिच्यापाशी उदाहरणेही असतात: अमकीने जट कापली आणि वर्षाच्या आत सासरा गेला. ते उदाहरण खोटे नसते. सात-आठ माणसांच्या कुठल्याही घरात वर्षभरात कुणीतरी आजारी पडते, काही घरांत कुणीतरी जाते. प्रश्न असा विचारायचा, की जट राखलेल्या घरांत कुणी गेले नाही का? तिच्या स्वतःच्याच घरात, डोक्यावर जट असताना, किती दुखणी येऊन गेली? ती कुणी जटेच्या खात्यावर लिहिली नाहीत. जट असताना आलेले संकट नशिबाचे आणि जट गेल्यावर आलेले संकट देवीच्या कोपाचे, असा हिशेब ठेवला तर देवी कधीच चुकणार नाही आणि बाई कधीच सुटणार नाही. हे समजावणे डोक्याला पटते, मनाला पटायला वेळ लागतो. त्यासाठी जिची जट पाच वर्षांपूर्वी निघाली आणि जिचे घर धडधाकट आहे अशी शेजारच्या गावची बाई समोर येऊन बसणे, हे शंभर व्याख्यानांहून उपयोगी ठरते. बाईने कापण्याआधी देवीची ओटी भरायची इच्छा सांगितली किंवा काढलेली जट नदीत सोडायची म्हटले, तर त्यावरून वाद घालू नये, असे माझे मत आहे. काही कार्यकर्त्यांना ही तडजोड वाटेल. मला तो तिचा निरोप घेण्याचा मार्ग वाटतो, आणि तिचे डोके मोकळे होणे माझ्या लेखी जास्त महत्त्वाचे.

दुसरा अवघड आक्षेप पोटाचा आहे. जोगतिणीला जट ही ओळख देते. मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागताना जटेमुळे लोक पसाभर धान्य जास्त घालतात, पाया पडतात. जट गेली तर ते जाईल. शिवाय लहान मुलीच्या डोक्यावर जट आली की तिला देवीला सोडण्याची वाट मोकळी होत असे. जट आणि देवदासी प्रथा यांचा धागा इतका जवळचा होता. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला, कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने ही प्रथा बंद केली. मुली सोडणे कमी झाले, पण आधीच सोडलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यावरच्या जटा तशाच राहिल्या. त्यांना जट काढायला सांगताना त्यांच्या पेन्शनचे, रेशनकार्डाचे, घरकुलाचे कागद आपण पाहिले आहेत का, हा प्रश्न विचारला पाहिजे. पोट जिच्यावर अवलंबून आहे ती वस्तू तर्काने सुटत नाही. अशा बाईशी निदान धुण्याची बोलणी आजच करता येतात. तिच्या परडीला त्याने धक्का लागत नाही.

या कामाला आपल्या भागात भक्कम पाया आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ मध्ये साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केली, आणि सातारा-सांगली-कोल्हापूर हे तिचे घरचे मैदान. समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. त्या आधी ब्यूटी पार्लर चालवत, म्हणजे केस आणि कातडी हा त्यांच्या हातचा विषय. त्यांच्या कामात आधी बाईशी आणि घरच्यांशी बोलणे, मग तिची संमती, मग कात्री, हा क्रम असतो आणि तो क्रमच मला महत्त्वाचा वाटतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार आहेत, जट हा शब्द त्यात नाही. पण अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून, सांगितलेले न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणे हा त्यातला एक प्रकार आहे, आणि जट कापलीस तर घर बुडेल असे पैसे घेऊन सांगणारा देवऋषी त्याच्या अगदी जवळ उभा असतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच ते पन्नास हजार रुपये आहे. तरीही शेजारणीच्या, सासूच्या, जावेच्या तोंडून आलेल्या बंदीवर कायदा चालत नाही, आणि चालू नये. त्या बायका स्वतःच घाबरलेल्या असतात.

तिथे गावाचा शब्द चालतो. आज सांगली जिल्ह्यात असलेला हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. याच टापूत, देवराष्ट्रे-कुंडलच्या परिसरात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजांशी लढता लढता दारूबंदी केली, कमी खर्चाची लग्ने लावली. लोकांनी ऐकले, कारण सांगणारे गावातलेच होते. अलीकडचे उदाहरण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचे. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही हे उदाहरण घ्यायला सांगितले. कडेगाव तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेने असाच साधा ठराव करायला काय हरकत आहे: आमच्या गावात कुठल्याही बाईला डोके धुण्यापासून, केस विंचरण्यापासून किंवा कापण्यापासून कुणी अडवणार नाही. त्यात देवीविरुद्ध एक शब्द नाही. ज्या कडेगावात मोहरमचे उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उचलतात, तिथल्या लोकांना श्रद्धा राखूनही वागणे कसे ठरवायचे हे शिकवावे लागत नाही.

ठरावामागे काम हवे. आशाताई दर महिन्याला घरोघर जातात. त्यांच्या बोलण्यात बाळंतिणीच्या केसांचा विषय यावा, कारण बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हाच जट बसण्याचा काळ. त्या दिवसांत सासूने किंवा नणंदेने तिचे केस दोन दिवसांआड विंचरून दिले तर जट बसणारच नाही. शाळेत मुलींच्या उवांची तपासणी होते, तेव्हा गुंता दिसला तर तो तिथेच सोडवावा, घरी चिठ्ठी पाठवून थांबू नये. आणि जिची जट निघाली त्या बाईकडे पुढचे वर्षभर कुणीतरी जात राहावे. पहिल्या महिन्यात तिला डोके हलके झाल्याने चालताना तोल गेल्यासारखे वाटते, झोप लागत नाही किंवा फार लागते, लोक टक लावून पाहतात. घरात कुणाला ताप आला की सगळ्यांची नजर तिच्याकडे वळते. त्या दिवशी घरी जाऊन बसायला, तापवाल्याला दवाखान्यात न्यायला आणि ताप कशाचा होता ते सगळ्यांसमोर सांगायला माणूस हवा. बचत गटातल्या दोन बायकांनी हे अंगावर घेतले तर जमेल. जट काढतानाचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि त्याचा उपयोगही होतो. ताप आल्याच्या दिवशीच्या या भेटीचा फोटो कुणी काढणार नाही, पण पुढची जट कापली जाणार की नाही हे बरेचसे त्या भेटीवर ठरेल.